विकायला काढ ना!

ताई वाईट काहीच बोलल्या नाहीत. उलट मी खिशात ठेवायला शिवलेल्या तांदळाच्या गरम पिशव्यांचं कौतुकच केलं, हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, शिवण कुठे बंद केलीये ते सापडतच नाही म्हणाल्या (ह्याचं मनातून जे काय बरं वाटायचं ते वाटलंच), आणि मग म्हणाल्या, "अगं, विकायला काढ ना हे! शंभरला जोडी सहज जाईल." बास. एवढंच. मी हसले, चहा टाकला, त्या चहा पिऊन गेल्या. आणि तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलंय.

आता ह्यात चिडण्यासारखं काय आहे? काही नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग चांगलंच म्हणाली की ती." हो ना, चांगलंच म्हणाल्या. तेच तर कळत नाहीये.

सुरुवात धाकटीमुळे झाली. नाशिकची थंडी गुलाबी म्हणणाऱ्यांनी जानेवारीत सकाळी पावणेसातला स्कूटीवरून गंगापूर रोडने एकदा जाऊन यावं. पेपरात रोज निफाडचा आकडा येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कितीवर आला तो, आणि तो वाचूनच आपल्याला अजून गार वाटायला लागतं. द्राक्षवाले बिचारे पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ड्रिपने पाणी सोडतात, नाहीतर मण्यांना तडे जातात म्हणून. ही आमची मात्र हातमोजे घालत नाही कारण मोबाईल चालत नाही त्यात, मग कॉलेजला पोचल्यावर अर्धा तास पेन धरता येत नाही म्हणते. म्हटलं खिशात ठेवायला काहीतरी करून देऊ. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकवून बाळाच्या छातीला लावायची हे तर आपल्याकडे घरोघर होतं, त्यातलाच प्रकार, फक्त ओव्याऐवजी तांदूळ आणि तव्याऐवजी मायक्रोवेव्ह.

शिवायला काही नाही त्यात. चार इंचाचे दोन चौकोन, सुलट बाजू आत ठेवून चारी बाजूंनी टीप मारायची, एका बाजूला दोन बोटं जातील एवढं तोंड सोडायचं, कोपरे छाटायचे, उलटवायचं, विणायच्या सुईने कोपरे बाहेर ढकलायचे. मग कागदाचं नरसाळं करून तांदूळ. गच्च भरायचं नाही, पाऊणच भरायचं, म्हणजे मुठीत धरल्यावर ते हाताच्या आकाराचं होतं, गच्च भरलं की नुसता दगड. तोंड हाताने शिवायचं, टाका आत लपवून. झालं.

पण कापड मात्र शुद्ध सुतीच पाहिजे, आणि दोराही सुतीच, ह्यात तडजोड नाही. पॉलिस्टर असलं तर गरम होऊन आकसतं, वितळतं, बटण टिकली काही नको. तांदूळ पण साधा जाडा. आधी मी घोटीहून आणलेला इंद्रायणी घातला होता एका जोडीत, तर तीस सेकंद गरम केलं की घरभर भाताचा घमघमाट, धाकटी म्हणाली आई मला लेक्चरमध्ये वरणभाताची आठवण येते. खरं तर ही ऊब तांदळातल्या ओलाव्याची असते, मायक्रोवेव्ह तो ओलावाच तापवतो, म्हणून तांदूळ आधी भाजून बिजून घ्यायचा नाही. टोके, म्हणजे किडे, होऊ नयेत म्हणून मी आपला फ्रीजरमध्ये ठेवून मग भरते. आणि गरम करताना शेजारी कपभर पाणी ठेवायचं, नाहीतर वारंवार तापवून तांदूळ कोरडा पडत जातो आणि एक दिवस करपतो. पंधरा-वीस मिनिटं ऊब राहते खिशात. घर ते कॉलेज पुरतं तेवढं.

कापड कुठलं ते लिहायचं नव्हतं खरं. आईच्या साड्या. त्या रोजच्या सुती, धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या. असो.

तर धाकटीला केले, मग तिच्या मैत्रिणींना, मग खालच्या काकूंना (त्यांच्या बोटांचे सांधे थंडीत फार धरतात), मग कृषीनगरच्या ट्रॅकवरच्या ह्यांच्या ग्रुपला, मग पेपर टाकणाऱ्या मुलाला. आणि संक्रांतीला ताईंना, तिळगुळासोबत. दरवर्षी आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या देतो, ज्या पुढच्या वर्षी फिरून आपल्याच घरी येतात, तर म्हटलं यंदा हे.

आणि ताई म्हणाल्या विकायला काढ.

मला आठवायला लागलं की हे पहिल्यांदा नाहीये. लिंबाचं लोणचं घातलं, विकायला काढ. मनूच्या बाळाला टोपरं विणलं, विकायला काढ, इन्स्टावर पेज कर. दारात संस्कारभारतीची रांगोळी घातली तर समोरच्या फ्लॅटमधली म्हणाली ऑर्डर घेता का. म्हणजे घरात हाताने काही बरं केलं की त्याचं कौतुक करायला आपल्याकडे हे एकच वाक्य उरलंय का? कोणाला नुसतं "मला दिलंस, बरं वाटलं" म्हणता येत नाही का? की मलाच ते ऐकायचं होतं आणि म्हणून एवढं लागतंय? रात्री अडीचला जाग आली तेव्हा तर मी थेट अशा निष्कर्षाला पोचले होते की ह्या सगळ्यांना म्हणायचंय की बाई रिकामी आहे, हिला काहीतरी उद्योगाला लावा. बँक सोडली तेव्हापासून हे आहेच. त्याबद्दल आता नाही लिहिणार, ते लिहायला घेतलं की दोन पानं जातात आणि हाती काही लागत नाही.

रात्री अडीचचे विचार सकाळी वाचायचे नसतात. तरी वाचले.

मग चहा घेताना ठरवलं, चला, काढूच हिशोब. वहीचं मागचं पान घेतलं, बँकेतली सवय, रेघ मारल्याशिवाय आकडे लिहिता येत नाहीत. जाडा तांदूळ 45 रुपये किलो धरला, एका जोडीला दीडशे ग्रॅमच्या आत लागतो, म्हणजे सात रुपये. दोरा दोन रुपये. पॅकिंगचे दहा, कारण ताई म्हणाल्या की जरा जाळीची पिशवी-बिशवी आणि रिबन पाहिजे. वेळ पाऊण तास, इस्त्री धरून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या तासाच्या हिशोबाने तो वेळ लावला तर शंभरातले बरेचसे तिथेच जातात, आणि बँकेतल्या माझ्या जुन्या पगाराच्या हिशोबाने लावला तर गिऱ्हाईकाने मला शंभर देण्याऐवजी घरी बसायचे पैसे दिलेले बरे. इथे मला हसू यायला लागलं. कापड, असं लिहिलं आणि पुढे आकडा घालायचा राहिला, फोन आला म्हणून. नंतरही घातला नाही.

फोन ताईंचाच. म्हणाल्या, रात्रभर विचार करत होते (म्हणजे त्या पण!), नुसत्या सुती तुकड्याला उठाव नाही गं, खणाचे कर, नाहीतर येवल्याहून पैठणीचे काठ मिळतात कटपीसमध्ये, ते चारी बाजूंनी लाव, काय देखणं दिसेल. मी म्हटलं ताई, जरतार आहे त्यात. मायक्रोवेव्हमध्ये धातू गेला की ठिणग्या उडतात, आणि नकली जरतार असली तर ती खाली वितळून बसेल. तर म्हणाल्या, "मग गरम नाही करायचं, नुसतं ठेवायचं."

नुसतं ठेवायचं! गरमच करायचा नाही असा हँड वॉर्मर!

खरं सांगते, इथे माझा राग गेलाच. कारण मला एकदम त्यांचं सगळं दिसलं. भावजी गेल्यावर ज्या बाईने सिडकोच्या दोन खोल्यांत उन्हाळाभर पापड-कुरडया आणि दिवाळीत चकल्या करून दोन पोरं इंजिनिअर केली, तिने हातातल्या वस्तूकडे बघून पहिला विचार दुसरा कुठला करायचा? त्यांच्या चकलीला लोक छान म्हणायचे, पण छान म्हणून जाणारे आणि किलोभर घेऊन जाणारे ह्यात त्यांच्यासाठी काय फरक होता ते मी कोण सांगणार. ताई शंभर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून शंभर निघणं काही साधी गोष्ट नाही, त्या भाजीवाल्याला कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये सोडत नाहीत. काठांचं तर त्या माझ्या भल्यासाठी रात्रभर जागून शोधून काढलेलं. तरी थोडं लागलंय ते लागलंयच, उगीच मोठेपणा कशाला दाखवू.

पेपरवाल्या मुलाचं लिहायचं राहिलं. त्याला दिलं तेव्हा तो काही बोललाच नाही, जॅकेटच्या खिशात कोंबलं आणि गेला, मला वाटलं आवडलं नसावं, किंवा मायक्रोवेव्ह कुठून आणणार तो हे आपल्या डोक्यात कसं नाही आलं, असं वाटून जरा खट्टू झाले होते. तर दुसऱ्या दिवशी सहाला बेल. दारात तो, दोन्ही पिशव्या पुढे धरून, "काकू, गार झालं. परत तापवून द्या ना." जसं काही मी कुठे सर्व्हिस सेंटर उघडलंय. तेव्हापासून रोज सकाळी कडीला एक गरम जोडी अडकवते, तो ती घेतो आणि कालची गार तिथे लावतो, दुधाच्या बाटल्यांचं पूर्वी असायचं तसं. थँक्यू वगैरे काही नाही. परवा उशीर झाला तर तक्रार केली. आज मला तेच फार आवडलं, सांगता येत नाही का.

दुपारी ताईंचा परत मेसेज, त्यांच्या भिशीतल्या बायकांना बारा जोड्या हव्यात, पैसे घेच, लाजू नकोस. बारा! खूप वेळ बघत बसले. आईच्या साड्या तर आता दीडच राहिलीये. मग लिहिलं, विकत देत नाही, पण शिकवते. गुरुवारी दुपारी सगळ्यांना घेऊन या, प्रत्येकीने घरातली जुनी सुती साडी किंवा ओढणी आणायची, पाव किलो जाडा तांदूळ आणायचा, आणि कात्री आपापली, माझ्या कात्रीला कोणी हात लावायचा नाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "मस्त. क्लासची फी किती ठेवतेस?"

काय करावं ह्या बाईचं. म्हटलं, फी म्हणून तुम्ही त्या कुरडया तळून आणा, गेल्या मे महिन्यातल्या उरल्या असतील तर. आहेत म्हणाल्या, डबाभर.