बोगोटाच्या सोन्यात चुन्याची डबी

कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात उतरलं की आधी धाप लागते. शहर २,६४० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही हजारभर मीटर उंच. ला कँडेलारिया या जुन्या वस्तीचे चढ आई दर दोन घरांआड थांबत चढली. बोलिव्हार चौकात कबुतरं आणि ऊन, बाकी काही नाही.

सुवर्ण संग्रहालयात मात्र आमचा अख्खा दिवस गेला. सगळी गर्दी इथल्या जुन्या मुइस्का लोकांच्या तराफ्यापुढे. १९६९ साली पास्का गावाजवळच्या गुहेत सापडलेला हा वीतभर सोन्याचा तराफा. त्यावर मधोमध राजा, भोवती त्याची माणसं. नवा राजा अंगाला सोन्याची पूड फासून सरोवरात सोनं अर्पण करायचा, त्यातूनच एल दोरादोची, म्हणजे सोन्याने मढलेल्या राजाची कथा जन्मली. पण बघू देतील तर शपथ! एका टूरवाल्यांची पलटण सगळ्यांना कोपराने ढकलत फोन उंचावून उभी. "सोनं बघायला आलेत की स्वतःचं थोबाड?" आई बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाली. मराठीत असल्याने निभावलं.

ती वैतागून निघाली ती किंबाया लोकांच्या पोपोरोपुढे थबकली. खाली फुगीर, वर निमुळती मान, तोंडाशी चार गोळे, सगळं झळझळीत. आत काय ठेवत असतील? मी पाटी वाचून सांगितलं: चुना. शिंपले भाजून केलेला. कोकाची पानं चघळताना काडीने थोडाथोडा तोंडात घ्यायचा.

"म्हणजे चुन्याची डबीच की रे!" आई काचेला नाक लावून म्हणाली. "बाबांची पितळेची होती. आमच्याकडेही चुना शिंपल्यांचाच यायचा."

मग तिथून हलेचना. पोपोरो कसा घडवला ते पाटीवर होतं: मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, हे तिने मला दोनदा वाचायला लावलं. १९३९ साली कोलंबियाच्या मध्यवर्ती बँकेने हीच वस्तू विकत घेतली आणि तिच्यापासून हे संग्रहालय उभं राहिलं. उत्तर कोलंबियातल्या सिएरा नेवादाच्या डोंगरात कोगी जमातीचे पुरुष आजही भोपळ्याचा पोपोरो बाळगतात. माझ्या मते तराफ्याची रांग खुशाल सोडा, इथे उभे राहा. इथे ढकलायला कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी बोतेरो संग्रहालय, फुकट. गुबगुबीत मोनालिसा बघून आई म्हणाली, "ही बाई सुखवस्तू दिसते," आणि बाकावर बसून तिने पर्समधला चिवडा काढला. रखवालदार लगेच धावला.