आयरिश पूर्वज शोधताय? आधी गाव शोधा

मर्फी किंवा केली असलं आडनाव घेऊन डायरेक्ट आयर्लंडच्या रेकॉर्डमध्ये सर्च मारलात तर ढिगाने माणसं समोर येतात आणि डोकं चक्रावतं, म्हणून आधी पूर्वज जिथे जाऊन राहिले त्या अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातले कागद पालथे घाला, थडग्यावरच्या मजकुरात किंवा चर्चच्या लग्नाच्या नोंदीत कधीकधी थेट टाउनलँडच सापडतो (हा तिथला जमिनीचा सगळ्यात छोटा विभाग, असे ६० हजारांवर आहेत). बॉस्टनच्या 'पायलट' पेपरात १८३१ ते १९२१ हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, त्यात काउंटी (जिल्हा), पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) सगळं लिहिलेलं, सोन्याची खाणच ती!

आयर्लंडात मात्र बोंब आहे. १९२२ ला डब्लिनचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक खाक, आणि १८६१ ते १८९१ च्या तर सरकारनेच नष्ट केल्या, आता काय बोलणार! त्यामुळे १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या आसपासच्या काळासाठी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन (करासाठी केलेली जमीन-घरांच्या किमतीची यादी) बघायचं, पण त्यात जमीन कसणाऱ्याचं नाव असतं, बायकापोरं नाहीत.

१९०१ आणि १९११ ची जनगणना नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे. गंमत म्हणजे या दहा वर्षांत कित्येक म्हातारे चांगले पंधरा वर्षांनी मोठे झालेत, कारण मधे १९०९ ला सत्तरीपुढच्यांना पेन्शन सुरू झाली ना! तेव्हा वय जुळत नाही म्हणून माणूस लगेच बाद करू नका, बायको-मुलांची नावं जुळतायत का ते बघा.