नलारबॉरच्या रस्त्यावर पहाटे ३:३५चा एसएमएस

मे महिन्यात आम्ही दोघांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडुनाहून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्समनपर्यंत, नलारबॉरच्या ओसाड मैदानातून जाणाऱ्या आयर हायवेने गाडी नेली. साधारण १,२०० किलोमीटर, तीन दिवस. रस्ता अप्रतिम आहे, पण आधी कार्डाबद्दल सांगतो, कारण त्यापायी आमचा एक अख्खा दिवस काळजीत गेला.

इथे मुक्काम म्हणजे रोडहाउस. पेट्रोल, जेवण आणि मागच्या बाजूला मोटेलच्या खोल्या, सगळं एकाच ठिकाणी. युक्ला आणि कैगुना यांच्या मधल्या एका रोडहाउसवर रात्र काढली. सकाळी काउंटर उघडायच्या आधीच पंपावरच्या मशीनला कार्ड लावून टाकी भरली आणि निघालो. कैगुनाच्या पुढे १४६.६ किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, एकही वळण नाही. फोनला रेंज आली ती थेट बॅलाडोनियाला, आणि एसएमएस येऊन पडले. पहाटे ३:३५ला १५० डॉलर! ॲपमध्ये कधी न ऐकलेल्या कंपनीचं नाव, गाव पर्थ. पर्थ त्या रोडहाउसपासून हजारावर किलोमीटर लांब, आणि ३:३५ला तर आम्ही गाढ झोपेत होतो.

मी कार्ड ब्लॉक करायलाच निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, थांबा. हा टाइम कुठला आहे?"

तिथेच उलगडा झाला. दोन राज्यांच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजपासून कैगुनापर्यंत लोक स्वतःची वेगळी वेळ पाळतात, भारताच्या सव्वातीन तास पुढे. बँकेचा एसएमएस भारतीय वेळेत येतो. ३:३५ अधिक ३:१५ म्हणजे सकाळचे ६:५०. आम्ही पंपावर उभे होतो तीच वेळ. त्याआधी दक्षिण ऑस्ट्रेलियात हिवाळ्यात फरक चार तासांचा असतो, पश्चिमेला पुढे अडीच तासांचा. तीन दिवसांत तीन घड्याळं. म्हणून प्रत्येक पावतीचा फोटो काढा. पावतीवर स्थानिक वेळ असते.

१५० हा आकडाही पेट्रोलचा नव्हता. माणूस नसलेला पंप आधी एक ठोक रक्कम अडवून ठेवतो आणि मग भरलं तेवढंच कापतो. आमचं पेट्रोल ९६.३० डॉलरचं झालं होतं, ती नोंद दोन दिवसांनी वेगळी आली. त्यानंतर काही दिवस दोन्ही दिसत होत्या, जणू दोनदा पैसे गेले. मोटेलही खोलीपोटी असंच अडवू शकतं. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा कमी होते, पण डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात. त्यामुळे अशा पंपावर डेबिट कार्ड लावू नका, हे कळकळीने सांगतो. काउंटर उघडं असेल तर आत जाऊनच पैसे द्या.

नावाचं म्हणाल तर पाटीवर एक आणि स्टेटमेंटवर मालक कंपनीचं दुसरंच, असं सर्रास असतं. गावही कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्याचं येऊ शकतं. आमच्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात तेच नाव छापलेलं होतं.

खोली १६५ डॉलरची, कापले १६७.४८. तो दीड टक्का कार्डाचा अधिभार, काउंटरवर तशी सूचना लावलेली होती. मशीन "रुपयांत की डॉलरमध्ये" विचारतं तेव्हा डॉलरच निवडा. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. डॉलर निवडले तरी बहुतेक भारतीय बँका परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, कधी वेगळ्या ओळीत. म्हणून ताळा रुपयांत करत बसू नका. अडवल्याच्या आणि कापल्याच्या दिवशीचा दर वेगळा असतो. डॉलरचा आकडा जुळवा.

हे सगळं करूनही एखादी नोंद जुळली नाही, तर पावतीवरच्या नंबरवर फोन करा. तिथेही ओळख पटली नाही तर मात्र त्याच दिवशी कार्ड बंद करून बँकेला लेखी कळवा. उशीर केला तर नुकसान आपल्या अंगावर येऊ शकतं. या रस्त्यावर जाताना दुसरं कार्ड आणि थोडे रोख डॉलर मात्र हवेतच. एकुलतं एक कार्ड ब्लॉक केलं, तर पुढच्या पंपावर पेट्रोल कशाने भरणार?

आमचे ते १५० डॉलर आठव्या दिवशी स्टेटमेंटमधून आपोआप निघून गेले.