एका रातकिड्याभोवतीची पंगत

१७ नोव्हेंबर, रविवार. श्टुटगार्ट

बाहेर सकाळपासून धुकं आहे. खोलीत २५ अंश, डब्याचा एक कोपरा ओला करून ठेवलेला. आज माझ्या कोळ्यांच्या पिल्लांना खायला घालायचा दिवस.

डबा उघडण्याआधी बाजूने टॉर्च मारून बघायची माझी सवय. जाळं आता इतकं दाट झालंय की खालचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दिसतच नाही. मलमलीचे थर एकावर एक टाकावेत तसं, आणि त्यातून आरपार बोगदे. कोकोपीट भिजवलं की ओल्या काथ्याचा वास येतो, आणि मी क्षणभर आमच्या देवरूखच्या परसात असते.

ही हेटरोथेले व्हिलोसेला. टांझानियाची, टॅरेंटुला या केसाळ, मोठ्या कोळ्यांमध्ये अगदी ठेंगणी. पूर्ण वाढलेली मादी पाय पसरून बसली तरी पाचेक सेंटीमीटरच्या आसपास. पाठीवर गालिच्यासारखी तपकिरी-काळी नक्षी. स्ट्रांड या कोळी-अभ्यासकाने १९०७ साली हिला नाव दिलं. बहुतेक टॅरेंटुला एकमेकांना खातात, म्हणून एका डब्यात एकच ठेवायचा. ही मात्र गोतावळ्यात राहते. इथे जर्मनीतच हॅमला भरणाऱ्या टेरारिस्टिका या पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि कोळ्यांच्या मेळ्यातून मी सहा भावंडं आणली होती, अंड्यांच्या एकाच कोशातून निघालेली. तेव्हा त्यांची पोटं मोहरीएवढी होती. बाहेरचा कोळी मागाहून त्यांच्यात सोडायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून कसोशीने पाळलं. एकत्र वाढलेल्यांनीच एकमेकांना सांभाळून घेतलं.

त्या सहापैकी आता तीन माद्या आहेत. नर लवकर वयात आले आणि गेले. थोरल्या मादीने सप्टेंबरात कोश केला. तो पोटाशी धरून ती बोगद्यात बसून राहायची. ओल कमी वाटली की खालच्या बाजूला, ऊब हवी की वर. ऑक्टोबरच्या शेवटी पिल्लं बाहेर आली. पहिले काही दिवस ती काही खात नाहीत, अंड्यातला बलक पोटात असतो. पोट बारीक व्हायला लागलं की समजायचं, आता जेवण हवं.

तर आजचं जेवण. चिमुकल्यांसाठी न उडणारी चिलटं, आणि एक मध्यम रातकिडा, डोकं चिरडून मेलेला. जिवंत सोडला तर तो उड्या मारतो आणि पिल्लं घाबरून आत पळतात. चिमट्याने तो बोगद्याच्या तोंडाशी ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

पहिल्यांदा दोन पाय बाहेर आले. नुसते पाय, केसाइतके बारीक. त्यांनी रातकिड्याच्या मांडीला थापटून पाहिलं, मागे गेले, पुन्हा आले. मग दुसरं पिल्लू आलं. दोघांचे पुढचे पाय एकमेकांना लागले आणि भराभर थापटाथापटी झाली, जशी आपण अंधारात ‘कोण आहे?’ म्हणून विचारतो. दोघंही जागचे हलले नाहीत. दहा मिनिटांत रातकिड्याभोवती अकरा पिल्लं गोल बसली होती. पंगतच! दातांनी चावून खाणं त्यांना जमत नाही. तोंडातून पाचक रस सोडून मांस विरघळवायचं आणि शोषून घ्यायचं. एकाने सोडलेला रस दुसऱ्याच्या कामी येतो, म्हणून एवढा मोठा घास त्या एवढ्याशा जिवांना पेलतो. तासाभराने रातकिड्याचं चोळामोळा झालेलं कवच तेवढं उरलं आणि पोटं टरारून फुगली.

थोरलीला वेगळा रातकिडा दिला. तिने तो ओढत आत नेला आणि चार पिल्लं मागोमाग गेली. ती खात होती आणि ती चारही तिच्या तोंडापाशी भिडली होती. तिने एकालाही हुसकलं नाही. हे मी आजवर वीसेक वेळा तरी पाहिलं असेल, तरी दर वेळी श्वास रोखला जातो.

मागच्या वर्षीची गोष्ट अजून टोचते. तीन आठवडे भारतात जायचं होतं, म्हणून निघताना डब्यात दहा-बारा जिवंत रातकिडे सोडून गेले. भरपूर अन्न म्हणजे काळजी मिटली, असं वाटलं होतं. परत आले तर एक पोरसवदा मादी उताणी पडलेली, अर्धी खाल्लेली. कात टाकताना टॅरेंटुला लोण्यासारखा मऊ होतो, त्याला पळताही येत नाही. उपाशी रातकिड्यांनीच तिला कुरतडलं होतं. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून उरलेलं अन्न मी दुसऱ्या सकाळी काढतेच, आणि बुरशी खायला स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक जीव सोडून ठेवले आहेत. अगदी बारकी पिल्लं अधूनमधून तेही टिपतात.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. सुरुवातीला ती म्हणायची, “कोळी काय पाळायचे असतात का गं?” आज तिने आधीच विचारलं, “पिल्लं जेवली का?” मी फोन डब्याजवळ धरला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “आई खातेय तिथेच सगळी जमली बघ.”

मी तिला सांगितलं की आपल्या पश्चिम घाटातही झाडांच्या ढोलीत राहणारा एक मोठा, देखणा टॅरेंटुला आहे, पोइसिलोथेरिया रेगालिस, आणि त्याचीही मादी ढोलीत पिल्लांसोबत सापडते. तिने लगेच विचारलं, मग तोच का नाही पाळलास? तो तिथल्या ढोलीतच राहायला हवा, आई. झाडं तुटताहेत, त्यात चोरून पकडणारेही आहेत. २०१९ पासून पोइसिलोथेरियाच्या सगळ्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या कराराचं नियंत्रण आहे. माझे कोळी पिंजऱ्यातच जन्मलेल्यांची पिल्लं आहेत, जंगलातून एकही उचललेला नाही. एवढी खात्री नसती तर मी हा डबा घरात ठेवलाच नसता.

रात्री साडेदहा. पुन्हा टॉर्च मारली. मोजायचा प्रयत्न केला, ३८ पर्यंत गेले आणि एक हललं. एका कोपऱ्यात कात सापडली, तिळाएवढी, आठही पायांची टोकं शाबूत. चिमट्याने उचलून खिडकीच्या काचेवर ठेवली आहे. उद्या उजेडात भिंगाखाली बघेन.