डेबियनच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"सगळं जग विंडोज वापरतं, तू ते डेबियन कशाला घेऊन बसलीयस?" भाऊ विचारतो, पुतण्या विचारतो, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तर दर वेळी. फुकट आहे म्हणून, असं सांगून मी पूर्वी मोकळी व्हायचे. डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी घालता येणारी, लिनक्सवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती फुकट आहेच. पण तेवढ्यासाठी कोण एवढा त्रास काढेल?

माझ्या एका अनुवादाचं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याचं काम, 2003 साली झालं, तेव्हाच्या रीतीने युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी तशीच दिसावी म्हणून ठरवलेली अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टात. नवी आवृत्ती काढायची ठरली. सीडी सापडली, फाइल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरं, टक्क्याची चिन्हं, अर्धे कंस. मराठी एक ओळ नाही. ते डीटीपीचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं उपकरण, लावल्याशिवाय सुरू होत नसे. डोंगल बसायचं प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टात, आणि तसं पोर्ट आता कुणाच्याच घरी नाही. डीटीपीवाले काका कधीच धंदा बंद करून गावी गेलेले. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात बदलणारा कन्व्हर्टर लावून पाहिला, तर रफार शेजारच्या अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली, पहिली वेलांटी भलतीकडेच. शेवटी छापील प्रत मांडीवर घेऊन अख्खं पुस्तक पुन्हा टाइप केलं, रात्री जेवणं उरकल्यावर. स्वतःच्याच वाक्यांची नक्कल करताना एवढा संताप येतो हे तेव्हा कळलं. मजकूर माझा, सीडी माझी, किल्ली भलत्याच्याच खिशात!

भाऊ म्हणतो, यात विंडोजचा काय संबंध? युनिकोड तिथेही चालतं. खरं आहे. ती फाइल डेबियननेही वाचली नसतीच. पण तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मनात येतं, हे करणारे उद्या उठून गेले तर? डेबियन 1993 साली इयन मरडॉकने सुरू केलं. तो 2015 मध्ये वारला, स्वयंसेवकांचं काम चालूच आहे. डेबियनवर मी लिहिते त्या लिब्रेऑफिसची ओडीटी फाइल मी एकदा मुद्दाम झिपसारखी सोडवून पाहिली. आत टॅगांच्या गर्दीत माझी वाक्यं जशीच्या तशी, काना-मात्रेसकट. कुठल्याही साध्या एडिटरमध्ये वाचता येतील अशी.

आता त्रासाचं. 2023 च्या डेबियन 12 पर्यंत बंदिस्त फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवायला कंपन्या देतात ते, आतून न दाखवलेले छोटे प्रोग्रॅम) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं, म्हणजे वायफाय लावायला आधी केबल शोधा. पुतण्याला मिंट, म्हणजे लिनक्सचाच आणखी एक प्रकार, घालून दिलं होतं; त्याचे गेम चालेनात, तो विंडोजवर परत गेला. काय बोलणार? गेम खेळायचे तर तेच बरं. आणि माझं डिजिटल सहीचं टोकन (कॉम्प्युटरला लावून कागदपत्रांवर सही करायचं छोटं उपकरण) डेबियनवर अजून चालत नाही. सहीचं काम निघालं की ते घेऊन भावाकडे जावं लागतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि भावाने नवा लॅपटॉप घेतला. माझा त्याच्याहून जुना लॅपटॉप डेबियनवर मजेत चालतो, हे मी त्याला ऐकवलं. त्याच्याच लॅपटॉपवर सही करता करता.