कललेला स्विमिंग पूल सरळ करताना: माझा अनुभव

आमचा मळा अमळनेर तालुक्यात, जमीन भारी काळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, सोबत भाचेकंपनी. त्या दिवसांत पारा 43-44 ला टेकतो, पोरं विहिरीकडे धाव घेतात आणि आईचा जीव टांगणीला लागतो. म्हणून यंदा जमिनीवर उभा करायचा फ्रेमचा पूल घेतला, म्हणजे पाइपांच्या सांगाड्याला पीव्हीसीचं जाड कापड ताणून बसवलेला. 15 फूट व्यासाचा, 4 फूट उंच. बसवून द्यायचे पैसे वेगळे मोजले होते.

पूल भरला आणि लक्षात आलं, पूर्वेकडे पाणी वरच्या पाइपापासून 8 इंच खाली आहे आणि पश्चिमेकडे जेमतेम 5 इंच. म्हणजे पश्चिमेची बाजू 3 इंचांनी खचलेली. तिकडचे दोन पाय बाहेरच्या अंगाला झुकले होते. बसवणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "पाणी बसलं की आपोआप सरळ होईल." हे ऐकून मला खरंच संताप आला. एवढ्या पुलात सुमारे 17 हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे 17 टन वजन. ते पाणी स्वतः सपाटच राहतं. जमीन जिकडे खाली तिकडे पाण्याची उंची जास्त, तिकडेच कापडावर ताण जास्त आणि पायांवर भारही जास्त. पोरांच्या उड्यांनी पाणी बाहेर पडतं, काळी माती मऊ होते, पाय आणखी रुततो. असा पूल सरळ होत नाही, एक दिवस फाटतो. शेजारी लहान पोर उभं असेल तर 17 टन पाण्याच्या लोंढ्यात काय होईल, याचा विचार करून मी शिडी काढून ठेवली आणि कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही.

शेजारच्या आबांना वाटत होतं की पूल गळतोय. पाणी उतरत होतं हे खरं, पण आमच्याकडच्या उन्हात सेंटिमीटरभर पाणी रोज नुसतं उडूनच जातं. खात्री करायला शिडी तेवढ्यापुरती लावून एक बादली भरून पुलात तिच्या पायरीवर ठेवली, बादलीत आणि पुलात दोन्हीकडे खूण केली. दुसऱ्या दिवशी पुलातलं पाणी बादलीपेक्षा थोडं जास्त उतरलेलं. गळती होती, पण बारीक.

गावातल्या मिस्तरींना बोलावलं. त्यांनी पायाच्या कडेला पहार टोचली, ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. वर पाहून एवढंच म्हणाले, "पानी काढनं पडी, भाऊ." भरलेल्या पुलाखाली जॅक लावून पाय उचलायचा सल्लाही कुणी तरी दिला होता. तो मी ऐकला नाही, तुम्हीही ऐकू नका.

क्लोरीन टाकणं आधीच थांबवलं होतं. उन्हात ते काही दिवसांत निघून जातं, मग पाणी झाडांना चालतं. नळी लावून सगळं पाणी आंब्यांना आणि लिंबांना सोडलं, पुलापासून लांब. उन्हाळ्यात इथे पाण्याचा थेंब वाया घालवणं जिवावर येतं.

पूल उचलल्यावर खालचं खरं रूप दिसलं. पश्चिमेच्या सखल भागात भुसभुशीत माती ओतून वर वाळू पसरली होती. धुमस करून, म्हणजे ठोकून, ती घट्ट केलेली नव्हतीच. पायांखाली फरशी नाही. आणि वाळूतून लव्हाळ्याचे कोंब सुईसारखे वर आलेले. एका जागी कोंब कापडातून आरपार गेला होता, तीच ती गळती.

मिस्तरींचं म्हणणं, आणि आता माझंही ठाम मत, की सखल बाजूला भर घालून पातळी करू नये, उंच बाजू खणून खाली आणावी. ओतलेली माती वजनाखाली दबणारच. आमच्याकडे तर काळी मातीच बेभरवशाची, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून पुलापेक्षा दोन-दोन फूट मोठं रिंगण आखून दीड फूट माती काढली, लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढल्या आणि मुरूम भरला. एकदम नाही, चार-चार बोटांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमस. सगळ्यात जास्त घाम इथेच गळाला, आणि पहिल्या माणसांनी हेच काम चुकवलं होतं.

मधोमध खुंटी ठोकली, लेव्हलच्या नळीने कडेच्या खुंट्या तिच्या पातळीत आणल्या आणि लांब सरळ पट्टी खुंटीभोवती फिरवत मुरूम खरवडला. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशी, पण जमिनीशी सपाट बसवलेली. ती वर राहिली तर तेवढाच पाय उचलला जातो. वर चाळलेल्या वाळूचा पातळ थर, मग जाड ताडपत्री. भोकाला पीव्हीसीचं ठिगळ लावलं, कापड आधी पूर्ण कोरडं करून.

भरताना घाई केली नाही. बोटभर पाणी झाल्यावर आत उतरून सुरकुत्या कडेला सारल्या. फूटभर झाल्यावर मोटर बंद करून प्रत्येक पायापाशी पाण्यापासून वरच्या पाइपापर्यंतचं अंतर मोजलं. पूर्ण भरल्यावर सगळ्यात जास्त फरक अर्धा इंच. इंचाच्या आत आहे, तेवढा चालतो. आखाजीच्या आदल्या दिवशी ताई आली आणि तिच्या पोरांनी पिशव्या ओट्यावर टाकून थेट पुलाकडे धूम ठोकली. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय आत उतरायचं नाही आणि संध्याकाळी शिडी काढायची, हा नियम मात्र सगळ्यांना लागू.

बऱ्याच हुज्जतीनंतर बसवणाऱ्याने वाकलेले दोन पाय बदलून दिले. मजुरी आणि मुरुमाचा खर्च आम्हालाच पडला.

मृगाच्या आधी पूल सोडवणार आहे, कारण पावसाळ्यात काळ्या मातीवर माझा भरवसा नाही. फरश्या आहेत तिथेच राहतील. कापड सुकवून, टाल्कम पावडर मारून, पत्र्याच्या कोठीत ठेवायचं. गोदामात उघडं ठेवलं तर उंदीर सोडत नाहीत.