पेझलीची कोयरी आणि आमची हिशेबाची वही

आमच्या गुहागरच्या घरावर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी लागून पंधरा वर्षे झाली. परंतु दुसऱ्याच्या अशाच घरी पैसे मोजून पाहुणी म्हणून राहण्याचा प्रसंग मला पहिल्यांदा आला तो थेट स्कॉटलंडमध्ये. धाकट्या लेकीला तेथील विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा गौरी-गणपती उरकून मी आणि आमचे हे तिला सोडायला गेलो आणि पेझली गावात एका कुटुंबाने चालवलेल्या सहा खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये चार रात्री राहिलो.

पेझली ग्लासगोला अगदी लागून आहे. आपण जिला कोयरी म्हणतो, त्या नक्षीला इंग्रजीत या गावाचेच नाव पडले आहे. काश्मिरी शालींची नक्कल येथील मागांवर १८०५ च्या सुमारास सुरू झाली आणि १८७० च्या दशकात फॅशन बदलेपर्यंत गावाचे पोट त्यावर चालले. हापूसच्या बागेत वाढलेल्या माणसाला याचा थोडा राग येणारच. माझा राग पहिल्या न्याहारीपर्यंत टिकला. काय हवे त्यावर आदल्या रात्रीच कागदावर खुणा करून द्यायच्या होत्या, आणि सकाळी समोर आली ती बटाट्याची, तव्यावर भाजलेली टॅटी स्कोन. आमच्या घावण्यांच्या पंगतीला ती सहज बसली असती. ब्लॅक पुडिंग रक्ताचे असते हे मालकीणबाईंनी आपणहून सांगितले, तेव्हा आम्ही त्यांचे आभार मानून ते नाकारले.

गावात फिरताना रस्त्यांची नावे वाचूनच धंदा कळतो: कॉटन स्ट्रीट, सिल्क स्ट्रीट, गॉझ स्ट्रीट आणि शटल स्ट्रीट, म्हणजे धोट्याची गल्ली. शालींनंतर गाव शिवणदोऱ्यावर जगले. आपल्याकडे भरतकामाला वापरतात त्या अँकर दोऱ्याचे नाव येथल्या अँकर मिल्सशी जोडलेले आहे. मला मात्र गावापेक्षा घरच अधिक दिसत होते. पहाटे पाचला भिंतीपलीकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज येई आणि उशांचे अभ्रे आज कोणी केले हे मला न विचारता कळे. पाहुण्यांच्या कानांवर तो आवाज पडत असूनही त्यांना तो ऐकू येत नाही, हे मी आमच्या घरीच शिकले होते. इस्त्री करणाऱ्या त्या मालकांच्या आई होत्या आणि त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते.

तिसऱ्या संध्याकाळी त्याच आजींनी ‘स्मा शॉट’ची हकीकत सांगितली. शालीच्या नक्षीतले रंगीत धागे जागच्या जागी घट्ट राहावेत म्हणून विणकर एक बारीक आडवा धागा, म्हणजे बाण्याचाच एक फेर, घालत असत; तोच हा ‘स्मा शॉट’. हा धागा शालीवर दिसत नसे, म्हणून ‘कॉर्क’ म्हणवले जाणारे मालधनी त्याचे पैसे देत नसत, आणि तो नसता तर शाल उसवली असती. विणकर दीर्घकाळ भांडले आणि १८५६ मध्ये जिंकले. त्या विजयाची आठवण म्हणून जुलैचा पहिला शनिवार गावात आजही स्मा शॉट डे म्हणून साजरा होतो. आजी हे सांगत असताना अभ्र्यांच्या घड्या घालतच होत्या, आणि या कामाचे त्यांना कोण काय देते हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

तो प्रश्न मी गुहागरला घेऊन आले, कारण आमच्या हिशेबाच्या वहीत गॅस, मासळी, धोबी आणि नारळ पाडणारा या सगळ्यांचे रकाने आहेत. पहाटे चारला उठून नारळ खवणाऱ्या आणि घावण्यांचे पीठ कालवणाऱ्या सासूबाईंचा रकाना मात्र नव्हता. मी तो आखला आणि दर पाहुण्यामागे एक रक्कम ठरवली. आमचे हे म्हणाले की घरच्या माणसाला मजुरी लावणे बरे दिसत नाही, आणि सासूबाई तर चिडल्याच: “मला कसले गो पैसे देतेस? मी काय कामाला आल्ये तुझ्याकडे?” मी वाद घातला नाही आणि रकाना खोडलाही नाही.

महिनाअखेरीस वही माजघरात उघडी राहिली होती. सासूबाई चष्मा लावून ती पाहत उभ्या होत्या आणि मला पाहताच म्हणाल्या, “दुसऱ्या शनिवारी दहा माणसं होती हो, तू आठच लिहिल्येस.”